एकतीस नंबरची खुर्ची

बुलढाणा,
१४ जून २०२१

चि. प्रसेनजित,
सप्रेम जयभीम.

तीनदा फोन लावला. दोनदा तू कापलास, तिसऱ्यांदा पूनमने उचलला आणि "ते बाहेर गेले, ताई" म्हणाली. मागून तुझा आवाज येत होता, चहात साखर कमी पडली म्हणून ओरडत होतास. म्हणून पत्र लिहिते. पत्र कापता येत नाही, फाडावं लागतं, आणि आतेबहिणीचं पत्र फाडण्याइतका तू अजून मोठा झालेला नाहीस.

अभ्यासिका फेब्रुवारीपासून बंद आहे. अठ्ठेचाळीस खुर्च्यांवर धूळ बसली. पोलीस भरतीवाली पोरं गावाकडे रानात धावतात म्हणे, तलाठी परीक्षेवाल्या पोरींची लग्नं ठरू लागली. कॉन्व्हेंटची नोकरी सोडून मी हे उभं केलं, तेव्हा अर्ध्या नात्याने मला वेड्यात काढलं होतं. आता त्यांना बोलायला जागा झाली आहे. घरमालक नारायणराव परवा जिना चढून आले. "मॅडम, दिवाळीलोग थांबतो, मंग हॉल कापडवाल्याले देऊन टाकतो." माणूस वाईट नाही. त्यालाही घर आहे.

आता तुला आठवण करून देते. २०१९ची अशोक विजयादशमी. वंदना झाली, फीत कापली, आणि खिरीची वाटी हातात घेऊन तू माझ्यापुढे विम्याचा फॉर्म ठेवलास. "ताई, आग लागो, दंगल होवो, रोगराई येवो. तुही अभ्यासिका बंद पडली त कंपनी पैसे घरी आणून देईन." गेल्या वर्षीच्या टाळेबंदीत मी विचारलं, तर म्हणालास, पहिल्याच वर्षी क्लेम टाकला की कंपनीच्या डोळ्यांवर येतं, थांब. मी थांबले. आता क्लेम टाकला आहे, तर कंपनी विचारते, "व्यवसायात खंड पडण्याचे कारण सविस्तर नमूद करावे." सगळ्या जगाला ठाऊक असलेलं कारण मी आता नव्याने काय लिहू? ये, आणि तूच लिही.

तुझी,
धम्माताई

*

देऊळगाव राजा,
२७ जून २०२१

ती. धम्माताईस,
सप्रेम जयभीम.

साखरेचं तू ऐकलंस, आता काय लपवू. फोन कापले ते खरं आहे. इथे रोज वीस जण फोन करतात, सगळ्यांना मी खीर खाताना काहीतरी बोललो होतो असं दिसतं.

पत्र लिहिलंस ते बरं केलंस. आमच्या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात, जे लेखी नाही ते झालंच नाही. तोंडी बोलणं म्हणजे बोलाचीच कढी.

तुझी पॉलिसी काढून बसलो. मागच्या पानावर, तुझ्या सहीच्या वर, बारीक अक्षरात एक कलम आहे. खरं सांगतो, मीही ते आता पहिल्यांदा वाचलं. सरकारने सगळं गावच बंद केलं तर कंपनी देत नाही. रोग तुझ्या जागेतच आढळला पाहिजे, म्हणजे अभ्यासिकेतच कोणी रुग्ण निघाला पाहिजे आणि त्यामुळे जागा बंद पडली पाहिजे, तरच देते. त्याचा पुरावा तू द्यायचा.

आणि अभ्यासिकेत तर कोणी सापडलं नव्हतं. कागदावर तरी नाही. मी काय म्हणतो ते तुला समजतं.

म्हणून म्हणतो ताई, डोक्याला ताप करून घेऊ नको. हॉल सोड, खुर्च्या जपून ठेव. दिवस पालटतील.

तुझा,
प्रसेनजित

*

बुलढाणा,
९ ऑगस्ट २०२१

चि. प्रसेनजित,
जयभीम.

उंटावरून शेळ्या हाकू नकोस. हॉल सोड म्हणायला तुला काय जातं?

सापडलं होतं. एकतीस नंबरची खुर्ची, खिडकीजवळची. पायल, धाड गावची. बाप गवंडी, पोरगी हुशार, तलाठ्याची परीक्षा दोन मार्कांनी हुकलेली. फेब्रुवारीत नगरपालिकेचं फर्मान आलं की क्लास आणि अभ्यासिका चालू ठेवायच्या तर सगळ्या मुलांची तपासणी करून घ्या. आपल्याच हॉलमध्ये शिबिर लावलं, एकेकाच्या नाकात काडी घातली. त्यात पायलचा रिपोर्ट आला. ती त्याच दिवशी गावी गेली, म्हणून नोंद धाडची झाली. पण आजार इथे निघाला ना? पाच दिवसांनी सगळ्या गावाचीच बंदी आली, ती गोष्ट वेगळी.

वकील सुवर्णाताईंना दाखवलं. त्या म्हणतात, सरकारी नोंद नसली तरी साक्षीने काम होईल, कंपनीचा एजंटच सांगत असेल तर त्याहून उत्तम. त्या दिवसांतलं सगळं तुला माहीत आहे. कंपनीचा सर्वेअर चौकशीला तुझ्याकडे येईल, तेव्हा एवढंच सांग की रुग्ण अभ्यासिकेत होता. खोटं सांग म्हणत नाही, खरंच सांग.

लहानपणी तुला पोहायला मी शिकवलं, धरणात तू बुडत होतास तेव्हा केसांना धरून मीच ओढलं. त्याची परतफेड मागत नाही. पण आठव.

धम्माताई

*

देऊळगाव राजा,
२० ऑगस्ट २०२१

ती. ताई,
जयभीम.

पत्र पोचलं. सर्वेअरचं मी बघतो. तू काळजी करू नको, माझ्यावर सोड.

पूनमने ज्वारीचे बिबडे केले आहेत, तिकडे येणाऱ्याच्या हाती पाठवतो. तळताना तेल चांगलं तापू दे.

प्रसेनजित

*

बुलढाणा,
१८ जानेवारी २०२२

प्रसेनजित,

क्लेम नामंजूर झाला. पत्रासोबत सर्वेअरच्या अहवालाची प्रत आहे. तिसऱ्या पानावर तुझा जबाब जोडला आहे. "सदर जागेत एकही रुग्ण आढळून आला नव्हता. विमाधारकाने तसे मला कधीही कळवले नाही." खाली तुझी सही, ती शेपटीवाली, शाळेत वहीच्या मागच्या पानावर गिरवायचास ती.

जबाबाची तारीख एकोणीस ऑगस्ट. तुझं "मी बघतो" वीस ऑगस्टचं. म्हणजे आदल्या दिवशी माझा गळा कापून आलास आणि दुसऱ्या दिवशी बिबडे कसे तळायचे ते सांगत बसलास. ते बिबडे आम्ही खाल्ले, प्रसेनजित. आईने तुझ्या पूनमचं कौतुक केलं.

कंपनीचा मला राग नाही. ती परकी आहे, तिला माझं तोंडही माहीत नाही. पण तू मामाचा मुलगा. सगळं गाव म्हणत होतं की एजंटावर भरवसा ठेवू नको, आणि मी म्हणत होते, हा एजंट नाही, हा आपला प्रसेन आहे. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कोणाकडे मागायची?

नारायणरावांनी दिवाळी उलटून गेली तरी मार्चअखेरपर्यंत मुदत दिली आहे. परका माणूस थांबला. तू एक ओळ खरी लिहू शकला नाहीस. काऊन रे? मी तुझं काय वाईट केलं होतं?

धम्मशीला

*

देऊळगाव राजा,
२ फेब्रुवारी २०२२

ताई,
जयभीम.

चार दिवस तुझं पत्र खिशात घेऊन फिरलो. उत्तर देणार नव्हतो. पण तू "काऊन" विचारलंस, तर ऐक.

सतरा फेब्रुवारीला दुपारी तुझा फोन आला होता. मी जालन्याच्या बसमध्ये होतो. तू रडत होतीस. तुझे शब्द मला पाठ आहेत. "प्रसेन, एकीचा रिपोर्ट आला बापा. आता दारावर नोटीस लागते अन् माही अभ्यासिका बदनाम होते. काही कर." शिबिरात नावं लिहायला बसला होता तो माझ्या ओळखीचा. मी त्याला सांगितलं की पोरीचा पत्ता धाडचा टाक. तो म्हणाला, मग पोरगी तिथे दिसली पाहिजे. मी तुला म्हटलं, तिला गाडीत बसव. तू बसवलंस.

ती आपसूक गावी गेली नाही. आपण पाठवली. तुझ्या ऑगस्टच्या पत्रात हे वाक्य कुठेच नव्हतं. मी ते पत्र दोनदा उलटून पाहिलं.

आता सर्वेअरला मी काय सांगायचं होतं? रुग्ण अभ्यासिकेत होता म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग नोंद धाडला कशी गेली? तो नावं लिहिणारा कामावरून गेला असता, माझं लायसन्स गेलं असतं आणि तुझा क्लेम तरीही बुडाला असता. मी तेच लिहिलं जे कागदावर आहे. कागदावर तसं असावं, ही तुझी इच्छा होती.

आदल्या दिवशी जबाब दिला आणि तुला सांगितला नाही, एवढा माझा गुन्हा. तो कबूल. तुला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.

त्या पोरीचा बाप गेला, हे तुला माहीत होतं ना? मला मार्चमध्येच कळलं होतं. तेव्हापासून आपण दोघांनी एकमेकांना त्याबद्दल एक अक्षर विचारलेलं नाही.

प्रसेनजित

*

बुलढाणा,
६ मार्च २०२२

चि. पायल हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र पाहून तुला नवल वाटेल. तुझा नंबर लागत नाही, म्हणून फॉर्मवरच्या पत्त्यावर लिहिते. तुझ्या बाबांचं कळलं होतं. जानरावभाऊ किती मनमिळाऊ माणूस होते. तेव्हाच लिहायला हवं होतं, पण शब्द सुचले नाहीत, आणि मग उशीर झाला.

मुलगी समजून तुझ्याकडे एक काम आणलं आहे. अभ्यासिका वाचवायची ही शेवटची संधी आहे. विमा कंपनीने माझा अर्ज फेटाळला, माझ्याच माणसाने माझ्याविरुद्ध लिहून दिलं. कसं, ते तुला सांगून काय उपयोग. आता वकील म्हणतात की ग्राहक आयोगात जाता येईल, पण खुद्द रुग्णाचं प्रतिज्ञापत्र हवं. म्हणजे तू स्टॅम्पपेपरवर फक्त घडलेलं लिहून द्यायचंस. वकिलांनी मुद्दे दिले आहेत, ते खाली उतरवते, म्हणजे तुला सोपं जाईल.

तू आमच्याकडे एकतीस नंबरच्या खुर्चीवर नियमित बसत होतीस. पंधरा फेब्रुवारी २०२१ रोजी अभ्यासिकेतच शिबिरात तुझी तपासणी झाली. सगळ्या मुलांच्या फॉर्मवर मी माझाच फोन नंबर टाकला होता, त्याप्रमाणे सतरा तारखेला दुपारी चार वाजता रिपोर्ट अभ्यासिकेच्या फोनवर आला. तू त्या वेळी तुझ्या जागेवर वाचत होतीस. त्यानंतर सव्वापाचच्या काळीपिवळी जीपने तू गावी गेलीस. एवढंच. म्हणजे आजार जागेतच आढळला, हे सिद्ध होतं.

तुझी जागा मी कोणाला दिलेली नाही. अभ्यासिका वाचली की परत ये, फी घेणार नाही. आईंना नमस्कार सांग.

तुझी,
धम्मशीला मॅडम

*

धाड,
२९ मार्च २०२२

आदरणीय मॅडम,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. "दुपारी चार वाजता" हे शब्द आले की थांबायचे आणि परत पहिल्यापासून सुरू करायचे.

त्या दिवशी तुम्ही माझ्या खुर्चीजवळ आलात आणि म्हणालात, "अंगात कसर दिसते तुझ्या, दोन दिवस घरी आराम करून ये, जागा राखून ठेवते." स्वतः काळीपिवळीपर्यंत आलात. नवा मास्क दिलात, पोळी-भाजीचा डबा दिलात, ड्रायव्हरला सांगितलंत की हिला खिडकीजवळ बसव. मी घरी येऊन आईला म्हटलं, आमच्या मॅडमसारखं कोणी नाही. गाडीत आम्ही अकरा जण होतो.

घरी मी बाबांच्या ताटात जेवले. आमची तशी सवय होती, मी गावाकडून परत निघेपर्यंत ते वेगळं ताट घेऊ देत नसत. तिसऱ्या दिवशी गावातल्या आशा सेविका आल्या, तेव्हा कळलं की मी पॉझिटिव्ह आहे. मला वाटलं, रिपोर्ट त्याच दिवशी आला. आमच्या बोळाच्या तोंडाशी बांबू ठोकले. हापशीवर आईला पाणी भरू देत नव्हते. बाबा दोन मार्चला गेले. भावकीतलं कोणी आलं नाही, दुरूनच जयभीम केला आणि गेले.

आई तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलायची. एकदाच म्हणाली होती, "तूनच आणलं घरात." मलाही तेच वाटत होतं. मी आठवत बसायचे, कोणत्या दुकानात गेले होते, मास्क कुठे खाली केला होता. पुस्तक उघडलं की तेच आठवायचं. म्हणून अभ्यास सोडला. तुमची मला आठवण यायची, पण तोंड दाखवायची लाज वाटायची. तुमच्या अभ्यासिकेला माझ्यामुळे त्रास झाला असेल, असं वाटायचं.

परवा तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. तिला एकदम कळलं नाही. मग तिने विचारलं, "म्हंजे गाडीत बसवाच्या आंधीच त्याहिले माईत होतं?" मी म्हटलं, हो. आई चुलीपुढून उठली. मग दोन ताटं वाढली, आणि माझ्यासमोर बसून जेवली. वर्षभरात पहिल्यांदा.

प्रतिज्ञापत्र सोबत जोडलं आहे. बुलढाण्याला येऊन तहसीलबाहेर टाईप करून घेतलं, तुमच्या गल्लीत आले नाही. तुम्ही दिलेले सगळे मुद्दे त्यात आहेत. सातवा मुद्दा माझा आहे. "दुपारी चार वाजता आलेला रिपोर्ट मला सांगण्यात आला नाही. तो सांगितला असता तर मी गाडीत बसले नसते आणि घरी गेले नसते." हे खरं आहे, म्हणून लिहिलं. तुम्हाला मदत करायची नाही असं नाही. पण माझी सही या सगळ्याच्या खाली आहे, अर्ध्याच्या खाली मला करता येत नाही.

एकदा बाबा मला सोडायला अभ्यासिकेत आले होते. माझ्या खुर्चीवर बसून पाहिलं आणि म्हणाले, "अठी बसलं त मी बी पास होऊन जाईन." तुम्ही हसला होतात.

माझी पुस्तकं एकतीस नंबरच्या कप्प्यात राहिली आहेत. ती मला हवी आहेत. मी जीपवाल्याच्या हाती पाठवा असं लिहिणार होते, पण आई म्हणते, "त्या बाईले लिही, पुस्तकं कोनाच्या हाती नको देऊ म्हना. सोता घेऊन ये म्हना."

आपली,
पायल

*

बुलढाणा,
८ एप्रिल २०२२

प्रसेनजित,
जयभीम.

तुझ्या फेब्रुवारीच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. तू खरं लिहिलं होतंस आणि मी तुझ्यावर चिडलेली होते. 

पायलचं पत्र आणि प्रतिज्ञापत्र आलं. नक्कल सोबत आहे, वाच. तिला ते पत्र मी लिहिलं, माझ्या हाताने. चार वाजताचा फोन मीच त्यात मांडला, क्लेमच्या कामाचा मुद्दा म्हणून. लिहिताना माझा हात अडखळलासुद्धा नाही. तुला खरं सांगते, तिला ते माहीत नाही हे मी विसरून गेले होते. वर्षभर मी स्वतःला सांगत होते की पोरगी आजारी होती, घरी गेली. इतक्यांदा सांगितलं की तेच झालं होतं असं वाटू लागलं. मी तुला म्हटलं होतं, कुंपणानेच शेत खाल्लं. ते वाक्य कोणी कोणाला म्हणायचं होतं?

सुवर्णाताईंनी प्रतिज्ञापत्र वाचलं. म्हणाल्या, "सातवा मुद्दा काढून परत टाईप करून आणा, केस उभी राहते. हा ठेवला तर पैसे विसरा, वरून चौकशी लागेल." गेल्या वर्षीची मी असते तर तुलाच फोन केला असता आणि तू कोणाला तरी सांगितलं असतंस. मी म्हटलं, आहे तसंच दाखल करा. त्यांनी दोनदा विचारलं.

त्याला माझंही प्रतिज्ञापत्र जोडलं आहे. पत्ता कसा बदलला, कोणी सांगितलं, कोणाला सांगितलं. आधी माझं नाव, मग तुझं. तुझ्या त्या नावं लिहिणाऱ्याचं नाव मला माहीत नाही, ते तू ठरव. तुला राग येईल. येऊ दे. तूच म्हणाला होतास, जे लेखी नाही ते झालंच नाही. जानरावभाऊंच्या बाबतीत तसं मला राहू द्यायचं नाही.

हॉल एकतीस तारखेला रिकामा करून दिला. नारायणरावांनी खुर्च्या उतरवायला स्वतः हात लावला. एकतीस नंबरचा कप्पा उघडला, त्यात सहा पुस्तकं, एक कंगवा आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेलं वेळापत्रक आहे. झालेल्या तासांवर ती पेन्सिलीने खूण करायची. सतरा फेब्रुवारीला पाच ते सात "बुद्धिमत्ता चाचणी" लिहिलं आहे. तिथे खूण नाही.

उद्या सकाळच्या काळीपिवळीने पुस्तकं घेऊन धाडला जाते. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही, ठरवून गेले तर परत मुद्देच होतील. बेबीताई, म्हणजे पायलची आई, घरात घेतील की दारात उभी करतील, ठाऊक नाही. तुला यायचं असेल तर ये, मी थांबणार नाही. हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर मी परत आलेली असेन, किंवा अजून त्यांच्या दारातच उभी असेन.

धम्मशीला